ऐकत ऐकत तंजावर

आमच्या मिरजेच्या घरात एक कॅसेट होती, तिच्यावर बाबांच्या अक्षरात फक्त 'खाँसाहेब, जुनं' एवढंच लिहिलेलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवरून कोणीतरी भरून दिलेली, खरखर इतकी की आधी बाहेर पाऊस पडतोय असं वाटायचं आणि मग त्या पावसातून तो बारीक, सुरेल, थेट काळजात शिरणारा आवाज यायचा. ठुमऱ्या होत्या, भैरवी होती, आणि मधेच एक असं काही होतं ज्याची भाषा घरात कुणालाच कळायची नाही. 'राम' एवढा एकच शब्द ओळखू यायचा. मी दहा-अकरा वर्षांची असेन, बाबांना विचारलं हे काय गातायत, तर बाबा म्हणाले, "तेलुगू आहे गं, त्यागराजांचं. ते तंजावरकडचे."

त्या एका वाक्यात किती गोष्टी होत्या ते मला फार नंतर कळलं. म्हणजे बघा, गाणं तेलुगूतलं, लिहिणारे संतकवी त्यागराज आयुष्यभर तमिळ मुलखात राहिलेले, गाणारे खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, राहायला आले आमच्या मिरजेत, राग दक्षिणेतला खरहरप्रिया, आणि ऐकणारं कोण तर मराठी शाळेत पाचवीत जाणारी मी. 'राम नी समानमेवरु', म्हणजे रामा तुझ्यासारखा कोण आहे. अर्थ कळायला मला अजून पंधरा वर्षं लागली पण चाल तोपर्यंत पाठ झाली होती.

बाबांना तंजावरला जायचं होतं. निवृत्तीनंतर जाऊ, मग आईच्या ऑपरेशननंतर जाऊ, मग गुडघे गेले. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तरी काठी लागते. म्हणून ह्या जानेवारीत मी एकटीच गेले.

मला एक सवय आहे, कुठेही जायच्या आधी महिनाभर तिथलं गाणं ऐकायचं. हॉटेल, बस, 'काय काय बघाल' हे सगळं शेवटच्या आठवड्यात बघते, पण ऐकणं आधी. त्याचं कारण असं की डोळे नव्या गावात लगेच भांबावतात, जे मोठं आणि रंगीत तेच बघतात, पण कान आधीच तयार असले तर गावात शिरताना कुठेतरी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. तर डिसेंबरभर सकाळी डबे भरताना त्यागराज आणि दीक्षितर ह्यांच्या रचना, नागस्वरम म्हणजे तिकडची लांब सनई, असं सगळं चालू. सुरुवातीला घरातली मुलं वैतागली, मग धाकटी 'एंदरो महानुभावुलु' गुणगुणायला लागली.

बेंगळुरूमार्गे तंजावरला सकाळी उतरले तेव्हा स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाडीवर नागस्वरम चालू होतं. खरंच. पितळी पेल्यातली कॉफी हातात आणि समोर स्पीकरवर तो भला मोठा, उघड्यावर वाजवायलाच जन्माला आलेला आवाज.

मोठ्या देवळाला तिथली माणसं साधं 'पेरिय कोविल' म्हणतात, म्हणजे मोठं देऊळच. राजराज चोळानं बांधून घेतलं, १०१० साली पूर्ण झालं, शिखर २१६ फूट, आणि सगळा ग्रॅनाइट, जो ह्या गाळाच्या भातशेतीच्या सपाट मुलखात जवळपास कुठेच मिळत नाही. आकडे आधी वाचलेले होते. पण आकड्यांनी जे झालं नाही ते झालं भिंतींजवळ गेल्यावर. देवळाच्या जोत्यावर खालपासून तमिळ अक्षरं कोरलेली आहेत, ओळीच्या ओळी, आणि त्यात राजानं आपल्या लढायांचंच नुसतं लिहिलेलं नाही, त्यात देवळाची अख्खी पगारपत्रकं आहेत. राजानं ठिकठिकाणच्या देवळांतून ४०० नर्तकी इथे आणून वसवल्या, त्या प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, देवळाभोवतीच्या कुठल्या गल्लीत कितव्या घरात राहते, तिला वर्षाला किती भात मिळणार, हे सगळं दगडात. देवारम, म्हणजे शिवाची तमिळ स्तोत्रं, म्हणायला ४८ गायक आणि साथीला दोन वादक, त्यांचं वेगळं. नट्टुवनार म्हणजे नाचाचे गुरू, वादक, छत्र धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, हिशोबनीस. आणि राजाच्या थोरल्या बहिणीनं, कुंदवैनं, काय काय दिलं त्याचीही नोंद राजाच्या देणग्यांच्या जोडीनं.

हजार वर्षांपूर्वीच्या नाचणाऱ्या बाईचा पत्ता माहीत असणं, हे मला त्या शिखरापेक्षा मोठं वाटलं. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या कलावंत बायकांची नावंसुद्धा कित्येकदा सापडत नाहीत, तबकडीवर नुसतं 'अमुक बाई, तमुक गाव' एवढंच.

वरच्या मजल्यावर गाभाऱ्याभोवतीच्या बोळात नृत्याची करणं, म्हणजे नाचातल्या ठरलेल्या मुद्रा-हालचाली, कोरलेली आहेत, शास्त्रात १०८ सांगितलीत त्यातली ८१ कोरून झाली आणि पुढच्या २७ शिळा कोऱ्याच राहिल्या. तिथे सगळ्यांना जाता येत नाही, मी फोटोच पाहिले. का थांबलं काम, त्याचे तर्क बरेच आहेत. माझं मन मात्र त्या कोऱ्या शिळांपाशीच रेंगाळत राहिलं, घडवून बसवलेल्या, नाचाची वाट बघत हजार वर्षं उभ्या. देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणीही तुम्हाला सांगेल, पण ती पडते, चांगली लांब पडते, आणि अकरानंतर पायाखालचा दगड तापायला लागला तेव्हा मी त्या सावलीतच बसून राहिले.

मग नैऋत्येकडच्या कोपऱ्यात गेले, गणपतीच्या देवळाच्या बाजूला. तिथल्या भिंतीवर देवनागरी अक्षरं आहेत.

मला माहीत होतं की ती आहेत. १८०३ साली तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत लिहवून तिथे कोरवला, जगातल्या सगळ्यात लांब शिलालेखांपैकी एक असं त्याला म्हणतात. हे सगळं वाचून गेले होते तरी तिथे उभं राहिल्यावर घशात काहीतरी दाटलं ते दाटलंच. तीन दिवस आजूबाजूला एक अक्षर वाचता येत नव्हतं, बसच्या पाट्या, दुकानं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळी ती सुंदर गोल गोल लिपी आणि मी अडाणी. आणि अचानक ही भिंत माझ्याशी बोलायला लागली. जुनं वळण, जुनी भाषा, सगळं लागत नव्हतं, पण मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी ही नावं बोटाखालून जात होती. शेजारी एक तमिळ कुटुंब फोटो काढत होतं, त्यातल्या छोट्या मुलानं मला काहीतरी विचारलं, त्याच्या आईनं इंग्रजीत सांगितलं, तो विचारतोय तुम्हाला हे वाचता येतं का. मी वाचून दाखवलं थोडं. त्या मुलाच्या डोळ्यांत जे आश्चर्य होतं तेच माझ्या मनात होतं, की हे इथे कसं.

शाळेत आपल्याला तंजावर किती शिकवतात? व्यंकोजीराजे ऊर्फ एकोजी, म्हणजे महाराजांचे सावत्र भाऊ, त्यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं, १६७७मध्ये महाराज दक्षिणेत आले, भावाभावांची भेट झाली, वाटणीवरून बिनसलं. बस्स, तिथे धडा संपतो. पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं, हे घराणं तिथे होतं त्याचं काय? ह्या सगळ्या वर्षांत तिथे झालं काय? मला वाटतं आपण लढाई संपली की लक्ष काढून घेतो, आणि तंजावरचं सगळं मोठेपण लढाई संपल्यावरचं आहे.

व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे, १६८४ला गादीवर आले. मराठी घरातला मुलगा, राज्य तमिळ लोकांचं, आणि दरबारी साहित्याची भाषा आधीच्या नायक राजांच्या काळापासून तेलुगू. ह्या राजानं काय करावं? त्यानं तेलुगूत यक्षगानं, म्हणजे गाण्यानाचाची नाटकं, लिहिली, पालखीसेवेचं पदनाट्य लिहिलं, आणि मराठीतही नाटकं लिहिली. सतराव्या शतकाच्या अखेरीची मराठी नाटकं! आम्ही सांगली-मिरजेकडची माणसं १८४३ हे साल छाती फुगवून सांगतो, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं, तिथून मराठी रंगभूमी सुरू. तो अभिमान मला आजही आहे आणि राहणार. पण त्याच्या दीडशे वर्षं आधी कावेरीच्या काठी मराठीत नाटकं होत होती आणि त्यांची बाडं तिथल्या ग्रंथालयात पडून होती, आपल्याला पत्ता नव्हता. पुढे तुकोजीराजांनी तर संगीतशास्त्रावर संस्कृतात ग्रंथ लिहिला, 'संगीतसारामृत', रागांच्या अभ्यासात त्याचा आजही आधार घेतात.

म्हणजे तलवार घेऊन आलेली माणसं दोन पिढ्यांत रागांवर लिहायला लागली, तेही आधी तिथल्यांचं नीट ऐकून. मला तंजावरमध्ये जे शोधायचं होतं ते 'आपलं तिथे काय आहे' हे होतं, खरं सांगते, त्याच मनानं गेले होते. पण जसजशी फिरत गेले तसं मला आपल्या माणसांनी तिथे काय नेलं ह्यापेक्षा त्यांनी तिथलं कसं ऐकलं हेच जास्त दिसायला लागलं.

राजवाड्यात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभे, डोक्यावर टोकदार टोपी. इंग्लंडच्या फ्लॅक्समन ह्या शिल्पकारानं घडवलेला. राजाचा पुतळा म्हटला की घोडा, तलवार, वर केलेला हात, आणि इथे हा माणूस नमस्कार करत उभा. त्यांच्याबद्दल बोलायचं तर एक गोष्ट आधी बोलायला हवी, की त्यांच्याकडे राज्य असं उरलंच नव्हतं. काका अमरसिंगांशी गादीवरून वाद, तो कंपनीनं सोडवला, १७९८ला सरफोजींना गादी मिळाली आणि १७९९च्या तहात कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला किल्ला, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांचा तरुण, राजा म्हणून मान आहे, हुकूम चालवायला मुलूख नाही. असल्या जागी माणूस कडू होऊ शकतो, व्यसनात जाऊ शकतो. ह्या माणसानं पुस्तकं जमवली.

सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांपासूनचं, पण त्याला आजचं रूप आलं ते ह्यांच्यामुळे. ४० हजारांहून जास्त हस्तलिखितं, बहुतेक संस्कृत, शिवाय तमिळ, तेलुगू, मराठी, आणि मोडीतल्या दप्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे. काशीयात्रेला गेले तर येताना पोथ्या आणल्या, माणसं बसवून नकला करून घेतल्या. युरोपातून ग्रंथ मागवले. दवाखाना काढला, त्यात डोळ्यांच्या रोग्यांचे कागद आहेत, रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र आणि सोबत उपचारांची नोंद. देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ला त्यावर इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या, मुलांसाठी. माझ्या मुलींनी इसाप मराठीत वाचला तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की तो मराठीत छापून निघाला तो तमिळ मुलखात.

ग्रंथालयाचा जो छोटा संग्रहालयाचा भाग आहे तेवढाच आपल्याला बघता येतो. ताडपत्रं, चित्रं, काचेखालचे ग्रंथ. एका मोडी कागदासमोर मी बराच वेळ उभी होते, माझ्या पणजोबांना जी लिपी रोजच्या वापरात होती ती मला वाचता येत नाही. भिंतीवरची देवनागरी वाचून आलेला तो आनंद इथे थोडा उतरला. मिरजेला परत आल्यावर मोडीच्या वर्गाला नाव घातलंय.

आणि नाच. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु हे चार भाऊ सरफोजीराजांच्या दरबारात होते, तंजावूर चौघे म्हणतात त्यांना, मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. आज भरतनाट्यमच्या कुठल्याही कार्यक्रमात अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा जो क्रम असतो, मुलीच्या अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर नाचाला, आपण बघतो तोच, तो ह्या चौघांनी बांधला. त्याच दरबारात विलायती बँड होता, व्हायोलिनं होती. वडिवेलुंनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात असं रुळवलं की १८३४ला त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. आणि खुद्द सरफोजीराजांच्या नावावर नाचासाठीची मराठी निरूपणं आहेत. मराठी शब्दांवर भरतनाट्यम! निरूपण हा शब्दच बघा ना, आपल्या कीर्तनातला.

वीणेच्या कारखान्यात गेले तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. कारखाना म्हणजे घरच, पुढच्या ओसरीत लाकडाचे ओंडके, आत अंगणात दोघं जण काम करत बसलेले. बोलायला भाषा नाही, त्यांना थोडं इंग्रजी, मला चार तमिळ शब्द. पण मी मोबाइलवर आमच्या गल्लीतले फोटो दाखवले, भोपळे टांगलेले, अर्धवट तंबोरे भिंतीला टेकलेले, आणि म्हातारे कारागीर एकदम ताठ बसले. "मिरज!" म्हणाले. माहीत होतं त्यांना.

मग सगळं हातांनीच बोललो. आमचा तंबोरा भोपळ्याचा, पंढरपूर भागातून येणाऱ्या मोठ्या कडू भोपळ्यांचा, त्यांची वीणा फणसाच्या लाकडाची. फणस हलका, पिवळा, आणि वाजतो म्हणाले, ओंडक्यावर टिचकी मारून दाखवली. एकाच ओंडक्यातून अख्खी वीणा कोरतात तिला एकांड वीणा म्हणतात, ती सगळ्यात मानाची. टोकाला याळीचं, म्हणजे देवळांच्या खांबांवरच्या त्या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, तोंड. चोवीस पडदे, आणि ते पडदे सतारीसारखे दोऱ्यानं बांधत नाहीत, मेणात बसवतात, मेणात कोळशाची पूड घालून काळं केलेलं ते मेण. ते गरम असताना त्याचा जो वास सुटतो तो मला अजून येतोय, मधासारखा आणि जळक्यासारखा. पडदा बसवताना म्हातारे कारागीर डोळे मिटून तार छेडायचे, केसाएवढा पडदा सरकवायचे, परत छेडायचे. आमच्याकडे तारेचा झंकार जुळवायला, म्हणजे जव्हारी काढताना, घोडीवर कानस फिरवणारा माणूस अगदी असाच डोळे मिटतो, तोंडावर अगदी हेच भाव असतात.

मिरजेच्या वाद्यांची गोष्ट मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला पण ती हातांनी सांगता येणारी नव्हती. आमच्याकडचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारींना, हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांचं काम बसलं, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि त्यातून १८५०च्या आसपास मिरजेची सतार-तंबोऱ्याची पेठ उभी राहिली. धार लावणारे हात तारा लावायला लागले. तंजावरच्या राजवाड्यात दोन दिवस फिरताना माझ्या डोक्यात सारखं काय घोळत होतं ते मला ह्या ओसरीत बसल्यावर कळलं.

कुंभकोणमला एका भजनमठात संध्याकाळी बसले होते. कार्यक्रम वगैरे नव्हे, आठवड्याचं भजन, वीस-पंचवीस माणसं, हार्मोनियम, मृदंग, झांजा. संस्कृत श्लोक झाले, तमिळ पदं झाली, तेलुगू झाली आणि मग भजन चालवणाऱ्या मुख्य भागवतरांनी सूर बदलला आणि तुकोबांचा अभंग सुरू केला. मराठीत. मी चमकून बघितलं तर सगळी माणसं म्हणतायत, सगळ्यांना पाठ. शेजारच्या मावशींनी त्यांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. अभंग तमिळ लिपीत छापलेला आणि अक्षरांच्या डोक्यावर बारीक बारीक आकडे, २, ३, ४. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्या सगळ्यांना मिळून एकच अक्षर, मग घ म्हणायचा असेल तर त्या अक्षरावर ४ लिहायचा. म्हणजे तुकोबांचा एक 'घ' चुकू नये म्हणून कुणीतरी आकडे मांडत बसलं होतं, पानंच्या पानं. 'विठ्ठल'चा ठ त्यांच्या तोंडी जरा हलका लागत होता, पण 'ळ' काय सुरेख, आपल्या शहरांतल्या मुलांना आता येत नाही असा.

हे तिथे कसं पोचलं त्याचा धागा सापडतो. रामदासी मठ तंजावर-मन्नारगुडीकडे आधीपासून होते, मराठी कीर्तनकार येत-जात होते. १८६४ला मोरगावकरबुवा तंजावरला आले, त्यांची कीर्तनं तिथे गाजली आणि ती ऐकणाऱ्यांत एक तरुण गायक होते, कृष्ण भागवतर. त्यांनी आपलं कीर्तन उचललं, त्यात कर्नाटक संगीत ओतलं आणि आजची तमिळ हरिकथा उभी केली. त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग अजून ह्याच नावांनी आहेत. आपल्याकडे साकी म्हटलं तर किती जणांना चाल आठवेल? माझ्या आजीला यायची. मला येत नाही.

मावशी तंजावरी मराठी निघाल्या. 'केव्हा आलीस?' एवढंच विचारलं आणि मला रडू येईल की काय वाटलं. त्यांची मराठी तमिळच्या लयीत, वाक्याचा शेवट वर उचलणारी, मधेच एखादा शब्द असा जुना की तो मी पोथीशिवाय कुठे ऐकला नव्हता. महाराष्ट्रात त्या आयुष्यात एकदाच आल्या, पंढरपूरला. घरी नेऊन त्यांनी जेवू घातलं, त्यात पिटलै होतं. तूरडाळ, वांगी, वाटलेलं खोबरं, चिंच. पिठल्यावरून पिटलै झालं म्हणतात, पण ताटातल्या पदार्थात पीठ कुठे नव्हतं, नावच तेवढं आमच्याकडचं वाटत होतं. मी म्हटलं मावशी, हे पिठलं नाही हो. त्या म्हणाल्या, "आमचं हेंच."

तिरुवैयारू मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. तंजावरपासून तेरा किलोमीटर, बस भातशेतातून जाते, एकामागून एक पाच नद्या लागतात, गावाचं नावच ते, पूज्य पाच नद्या. दर वर्षी पौष वद्य पंचमीला इथे त्यागराजांची आराधना होते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच मोठ्या रचना, पंचरत्न कृती, म्हणतात. मी मुद्दाम गर्दी टाळून आठवडाभरानंतर गेले, मांडवाचे बांबू उतरवण्याचं काम चालू होतं, वाळूत दोरीचे तुकडे आणि फुलांच्या वाळक्या पाकळ्या.

त्यागराज इथेच राहिले, भिक्षा मागून. सरफोजीराजांनी त्यांना दरबारात बोलावलं, ते गेले नाहीत. 'निधि चाल सुखमा' ही कल्याणीतली कृती तेव्हाची मानतात, म्हणजे धन जास्त सुखाचं की रामाची सन्निधी. मी मराठी, माझं मन दोन्हीकडे ओढलं गेलं. ज्या राजाचे मी तीन दिवस गोडवे गात होते त्यालाच नाही म्हणणारा हा माणूस. पण मला असंही वाटतं की त्या राजाला बोलवावंसं वाटलं आणि नाही म्हणणाऱ्याच्या केसाला धक्का लागला नाही, आणि दोघंही एकाच कावेरीचं पाणी पीत आपापलं काम करत राहिले, हेही त्या गावाचंच मोठेपण.

त्यागराज १८४७ला गेले. त्यानंतर समाधीकडे दुर्लक्षच झालं होतं. ती नीट बांधली एका बाईनं, बेंगळुरू नागरत्नम्मा, देवदासी घरातल्या मोठ्या गायिका. १९२०च्या दशकात स्वतःची मिळकत, दागिने घालून त्यांनी हे समाधिमंदिर उभं केलं. आणि जिनं ते बांधलं तिलाच आराधनेत गायला मज्जाव, कारण बायकांनी तिथे गायचं नाही. मग त्यांनी बायकांची वेगळी आराधना भरवली, मागच्या बाजूला, वर्षानुवर्षं. १९४०च्या सुमारास सगळे गट एक झाले आणि बायका समाधीपुढे गायल्या. नागरत्नम्मा १९५२ला गेल्या, त्यांची समाधी समोरच आहे, त्यागराजांकडे तोंड करून हात जोडून बसलेली मूर्ती. मला एकदम मोठ्या देवळाच्या भिंतीवरच्या त्या चारशे जणी आठवल्या. त्यांच्या घराचे पत्ते दगडात कोरले गेले, आणि नऊशे वर्षांनी त्यांच्याच परंपरेतल्या बाईला गायला जागा मागावी लागली. तिथे मी हात जोडले ते आधी नागरत्नम्मांना.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून बाबांना फोन लावला. पाणी कमी होतं, वाळूच्या पट्ट्यातून दोन-तीन धारा. आत समाधीपाशी एक कॉलेजातली मुलगी तंबोऱ्याच्या ॲपवर एकटीच गात होती, आत्मविश्वास नव्हता, थांबत, परत घेत. मी फोन तिच्याकडे धरला. बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरभी राग आहे का?" मी तिला विचारलं, तिनं मान हलवली, हो.

परतीची गाडी रात्रीची होती, तंजावरहून चेन्नई. मी अलार्म लावून झोपले कारण पहाटे चेंगलपट्टूनंतर सिंगपेरुमाळ कोविल नावाचं छोटं स्टेशन लागतं. २७ ऑक्टोबर १९३७ला खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, माझ्या उलट दिशेनं, वाटेत बरं वाटेना म्हणून इथे उतरले, फलाटावरच अंथरूण घातलं, तंबोरा लावून घेतला आणि दरबारीत ईश्वराचं नाव घेत गेले असं सांगतात. मग त्यांना मिरजेला आणलं, आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची मजार आहे, दर उरुसाला तिथे रात्रभर गाणं होतं. त्या गाण्याला बाबा मला खांद्यावर बसवून न्यायचे.

साडेचार वाजले असतील. दारात उभी राहिले, वारा गार. बाबांना फोन केला, ते जागेच होते, त्यांना ही वेळ मीच सांगून ठेवली होती. पिवळी पाटी आली, तीन लिप्यांतली, ट्यूबलाइटच्या उजेडातला रिकामा फलाट, एक बाक, एक कुत्रं, झाडाची मोठी सावली.

"थांबली का गं गाडी?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "पण हळू झाली, बाबा."